पास्कल, टेकडीवरून कुणी कुणाला उतरवलं?

पास्कल, लेका, मरायला तुला वर्षातले बाकीचे महिने कमी पडले का? एप्रिलमध्ये कुणी मरतं? सात जणांचे व्हिसा लागले होते, यॉर्कशायरचं कॉटेज ठरलं होतं, सलीमने एकेक दिवस वाचवत दोन आठवड्यांची रजा साठवली होती. आणि तू इथे दोह्यात, वेस्ट बेमधल्या तुझ्या ऑफिसात, एकविसाव्या मजल्यावर, सकाळी सव्वादहाला, खुर्चीत बसल्या बसल्या खलास. टेकड्या चढणारा माणूस खुर्चीत मरतो? हे मला कुणी गोष्टीत सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबा रे, एवढी मोठी थाप मलाही जमत नाही.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ज्या माणसाशी तू दहा महिने बोलला नाहीस त्याच्याकडे. संपादक म्हणाला, "इनासभाऊ, तुमच्याइतका त्याला कोण ओळखतो?" खरंय त्याचं. म्हणून तर तुझा जन्म कुठे झाला, तू शिकलास किती, बढत्या किती मिळाल्या, हे मी लिहिणार नाही. ते सगळं तुझ्यासाठी चर्चमध्ये झालेल्या मिस्सेच्या, प्रार्थनेच्या, कार्डावर छापून झालंय, आणि वर तुझा एक फोटो आहे, ज्यात तू चक्क सज्जन दिसतोस. त्या फोटोची दुरुस्ती कुणीतरी करायला हवी.

आम्हांला चालायला तू लावलंस, हे मात्र कबूल करतो. दात-ओठ खाऊन का होईना. कंपनीने तुला ट्रेनिंगसाठी इंग्लंडला धाडलं होतं. परत आलास तो विमानतळावरून थेट फरीज बिन ओमरानला, माझ्या घरी. बॅगा जिन्यातच सोडल्यास. माझी बायको म्हणाली, ह्याला तापबीप आलाय का बघा.

"इनास, तिथे लोकांच्या शेतातून वाट जाते! पाटी लावलेली असते. आपण फाटक उघडायचं, आत जायचं, फाटक लावून घ्यायचं आणि चालत सुटायचं. मालक समोरून येतो आणि गुड मॉर्निंग म्हणतो!"

"शिव्या देत नाही?"

"नाही."

"कुत्रं सोडत नाही अंगावर?"

"कुत्रं असतं. पण तेही शेपूट हलवतं."

आपण वसईची माणसं. आपल्याकडे दुसऱ्याच्या वाडीतून आडवाटेने गेलं तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं. माझ्या आज्याने एकदा तुझ्या आज्याच्या केळीतून सायकल नेली होती, त्यावरून असं भांडण पेटलं की त्या आवाजाने बावखलातले मासे उड्या मारून काठावर आले. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलंय, आणि माझे वडील फारसं वाढवून सांगणारे नव्हते. अशा घराण्यातला तू, परक्याच्या शेतातून राजरोस चालायला मिळतं म्हटल्यावर पिसाटलास यात नवल नाही. मीही पिसाटलो. सलीम तर म्हणाला, आमच्या रत्नागिरीत आंब्याचं एक कलम ओलांडलं तर कोर्टात जातात, मला बघायचीच आहे ही अजब रयत.

तेव्हापासून दर जूनच्या शेवटी, दोह्यात गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही अशा दिवसांत, आपली टोळी इंग्लंडला. आठ दिवस चालायचं. गवत, दगडी कुंपणं, मेंढ्या, चिखल. आणि सगळ्यांच्या पुढे तू, गळ्यात नकाशा लटकवून. तो नकाशा दुसऱ्या कुणी हातात घ्यायचा नाही. फोनवर वाट बघायची नाही. पाणी कुठे प्यायचं ते तू ठरवणार, दम कुठे खायचा ते तू ठरवणार, लघवीला कुठल्या झाडामागे जायचं तेही तूच ठरवायचास. सुट्टी घेऊन, स्वतःच्या खर्चाने, समुद्र ओलांडून हुकूमशाहीत राहायला जाणारी आम्ही जगातली एकमेव माणसं.

आणि ती तालीम! कतार म्हणजे परातीसारखा सपाट देश. चढ आणायचा कुठून? तुझ्या ऑफिसशेजारच्या टॉवरचं सहा मजली पार्किंग तू शोधून काढलंस. शुक्रवारी सकाळी ते रिकामं असतं. तर शुक्रवारी सकाळी सहाला आपली टोळी, पायांत चिखलासाठी बनवलेले जाड बूट, पाठीवर बॅगा, प्रत्येक बॅगेत दहा किलो तांदूळ, गाड्यांच्या रॅम्पवरून गोल गोल वर आणि गोल गोल खाली. पहिल्या शुक्रवारी तो वॉचमन बिचारा धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "साब, लिफ्ट चालू है!"

तू त्याच्याकडे रागाने बघितलंस. विनोद कळायचाच नाही तुला.

तीनदा वर, तीनदा खाली, मध्ये थांबायचं नाही. जो थांबेल तो इंग्लंडला येणार नाही. एका वर्षी सलीमच्या मेव्हण्याला चौथ्या मजल्यावर ठसका लागला तर तू त्यालाही गाळलंस. "ठसका टेकडीवर लागला असता तर?" म्हणे. तेव्हापासून त्या मेव्हण्याचं आणि सलीमचं बिनसलंय. घरंच्या घरं मोडलीस तू त्या रॅम्पवर.

तुझा धंदा सर्व्हेअरचा. जे दिसेल ते मोजायचास. म्हणूनच माझ्याशी तुझं जन्माचं वाकडं. मी एखादी गोष्ट सांगायला बसलो की तू समोरच्या खुर्चीत येऊन बसायचास, न्यायाधीशासारखा. मी सांगायचो, त्या कॉटेजमध्ये आपण सुके बोंबील भाजले तेव्हा आगीचा भोंगा वाजला, अख्खं गाव रस्त्यावर आलं, बंब आला, बंबावर सहा जवान होते, त्यांच्या कप्तानाने नाकाला रुमाल लावून विचारलं की आत कोण वारलंय. लोक हसून हसून गडाबडा लोळायचे. मग तू घसा साफ करायचास.

"बंब आला नाही. शेजारची म्हातारी आली. एकटी. आणि तिने दोन बोंबील खाल्ले."

बस. गोष्टीचा जीव गेला. माझ्या किती गोष्टी मारल्यास पास्कल! माझ्या बैलांच्या तू गाई केल्यास, माझ्या वादळांच्या सरी केल्यास. एकदा मी सांगत होतो की आपण चाळीस किलोमीटर चाललो, तर तू खिशातून नकाशा आणि दोरा काढलास. दोरा! वाटेवर लावून मोजलास. साडेअकरा निघाले. कुठल्या प्रकारचा माणूस वाढदिवसाच्या पार्टीला खिशात दोरा घेऊन येतो?

पण एक सांगतो. तू नसताना मी गोष्ट सांगायचो तेव्हा ती बरोबर रंगायची नाही. घसा साफ केल्याचा आवाज येईल म्हणून मी थांबायचो. हे तुला मी कधी सांगितलं नसतं. आता तू ऐकू शकत नाहीस म्हणून सांगतोय, आणि ऐकत असशील तर ऐकलं नाही असं समज.

आता गेल्या वर्षावर येतो.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला होता. डॉक्टर म्हणाला, जिना टाळा. रॅम्पवर दहा किलो घेऊन तीन फेऱ्या मारणं शक्यच नव्हतं, आणि तू मला गाळणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. मला, जो पहिल्या वर्षापासून तुझ्याबरोबर आहे! म्हणून मी बॅगेत तांदळाऐवजी कुरमुरे भरले. ठासून. बॅग कशी टुमटुमीत दिसत होती. वजन म्हणशील तर एका मांजरीएवढं. पास्कल, त्या दिवशी मी रॅम्पवरून नाचत गेलो. दुसऱ्या फेरीत सलीमला मागे टाकलं. आणि तू, आयुष्यात कुणाचं कौतुक न केलेला माणूस, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "शाबास इनास. गुडघा सुधारला तुझा."

तो हात तेव्हा जड वाटला होता. पण व्हिसा लागला होता.

चौथ्या दिवशी, टेकडीच्या माथ्यावरून उतरायला लागलो आणि गुडघा फिरला. पाऊस बारीक होता, इंग्लंडमध्ये असतो तसा, पडतोय की नुसता उभा आहे ते कळू न देणारा. मी एका दगडावर बसलो तो उठेना. तू बाकीच्यांना म्हणालास, "तुम्ही व्हा पुढे, चहा टाका. मी ह्याला घेऊन येतो." ते गेले. तू माझी बॅग उचललीस, छातीवर अडकवलीस. तुझी पाठीवर होतीच. मग माझा हात तुझ्या गळ्यात घेतलास आणि विचारलंस, "रॅम्पवर कसा चढलास रे?"

मी त्या वेळी थाप मारायला हवी होती. हजार सुचल्या असत्या. पण दुखतच इतकं होतं की खरं बाहेर पडलं.

"कुरमुरे," मी म्हणालो.

तू थांबलास. पुढे, मागे आणि बाजूला ओझं घेऊन, पावसात, उतारावर, तू पूर्ण एक मिनिट उभा राहिलास. मग चालायला लागलास आणि बोलायला लागलास, आणि खाली पोहोचेपर्यंत तीन तास बोलत होतास.

कॉटेजचं दार मी उघडलं. आत उबदार दिवे, चहाचा वास, पाच-सहा काळजीचे चेहरे. आणि माझं तोंड माझ्याआधी आत गेलं.

"अरे, काय सांगू! माथ्यावरून निघालो आणि पास्कलचा श्वास लागला. पांढराफटक! मी म्हटलं, दे ती बॅग इकडे. नाही म्हणतो. मी हिसकावली. दोन्ही बॅगा घेऊन, ह्याला धरून, अक्षरशः घसरत आणलाय. त्यात माझा गुडघा गेला तो गेलाच."

सलीम उठून उभा राहिला. "या अल्ला. पास्कल, बरा आहेस ना तू?"

मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता घसा साफ करेल. एका वाक्यात मला उघडा पाडेल, सगळे हसतील, मी सगळ्यांत मोठ्याने हसेन, वर दोन थापा आणखी मारेन आणि मिटेल. मी तयारीतच होतो. तू खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होतास. ओल्या नाड्या, सुटता सुटत नव्हत्या.

"चहा आहे का?" एवढंच म्हणालास.

माझ्या बोंबलांचा तू हिशेब ठेवलास, माझे किलोमीटर दोऱ्याने मोजलेस, आणि ज्या एका थापेला हाणून पाडायला हवं होतं तिथे गप्प बसलास. कुठला देवमाणूसपणा होता तो? की सूड होता? मी दहा महिने विचार केलाय. मला वाटतं सूडच होता. तुझ्यासारख्या माणसाला माहीत असतं की शिव्या धुवून निघतात, गप्प बसणं निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दगडी कुंपणाला टेकून, तू मला म्हणालास, "पुढच्या वर्षी तू येऊ नकोस."

"गुडघ्यापायी?"

"गुडघा मी उचलेन रे. तू तांदळात खोटं बोललास."

"आणि कालची गोष्ट?"

"ती तुझी तू निस्तर."

मग मी काय काय बोललो ते तुला आठवत असेलच. मास्तर म्हणालो, हिटलर म्हणालो. म्हणालो, तुझ्या नकाशात टेकड्या दिसतात, माणसं दिसत नाहीत. समोर मेंढ्या चरत होत्या, त्यांनीसुद्धा माना वर केल्या. तू ऐकून घेतलंस आणि नकाशा गळ्यात घालून निघून गेलास. तेच आपलं शेवटचं बोलणं.

दोह्यात आल्यावर मी ग्रुपमधून लेफ्ट झालो. चर्चमध्ये तू डाव्या बाजूला बसलास की मी उजव्या. नाताळात केक घेऊन तुझी पोरगी रिया आली, तू नाही आलास. मीही नाही आलो. वाटलं होतं, जूनमध्ये तुम्ही निघालात की विमानतळावर येईन, सगळ्यांसमोर तुझ्या हातात कुरमुऱ्यांचं पोतं देईन, बघू मग हसतोस की मारतोस. हा बेत मी तीन-चार प्रकारे रंगवून ठेवला होता. तू तोही मारलास.

बातमी सलीमने दिली. मी इस्पितळाच्या स्टोअरमध्ये हातमोज्यांची खोकी लावत होतो. सलीम माझ्याशी जन्मात कधी हिंदीत बोललेला नाही. त्या दिवशी म्हणाला, "इनास, पास्कल चला गया." मी म्हटलं, कुठे? आणि मग ते हिंदी माझ्या डोक्यात शिरलं.

पहिली गोष्ट काय वाटली सांगू? वाटलं, माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून ह्याने हे केलं.

फिलोमिना वहिनी तुला घेऊन वसईला गेली, तुला तिथे ठेवून महिन्याने परत आली, रियाची परीक्षा होती म्हणून. गेल्या शुक्रवारी दुपारी तिने सलीमला आणि मला दोह्याबाहेर, उम्म सलाल मोहम्मदमधल्या तुमच्या घरी बोलावलं. वाटून भाड्याने दिलेल्या व्हिलाच्या तुझ्या त्या तुकड्यात मी वर्षभर पाऊल ठेवलं नव्हतं. तुझे बूट दाराशीच होते. कुणीतरी पुसून ठेवले होते. मला त्यांना एक लाथ घालावीशी वाटली.

वहिनी म्हणाली, "यंदाचं चालणं रद्द करायचं नाही. मी आणि रिया पहिल्यांदाच येणार होतो, तर येणारच. इनासभाऊ, तुम्ही पुढे व्हा. वाटा तुम्हांला ठाऊक आहेत."

सलीमने मान डोलावली. पास्कल, खरं सांगतो, मला आनंद झाला. तू मला गाळलंस आणि तुझ्याच बायकोने मला तुझ्या जागी बसवलं! मी मनात नकाशा गळ्यात घातलासुद्धा. विमानात खिडकीची जागा घेतली.

"तुम्हीच पाहिजे," वहिनी पुढे म्हणाली, "कारण त्या दिवशी तुम्हीच त्याला उतरवलं. माझ्याआधी तुम्हांला दिसलं." मग ती सांगायला लागली. "मी नर्स आहे इनासभाऊ. सतरा वर्षं लोकांचं बीपी घेते. सलीमच्या बायकोने मला सांगितलं होतं, टेकडीवर त्याचा श्वास लागला म्हणून. मी त्याला विचारलं. तो हसला, म्हणाला, 'इनासची गोष्ट ती.' मला वाटलं लपवतोय. तरी मी त्याला ओढत नेलं नाही डॉक्टरकडे. दहा महिने होते माझ्या हातात. दहा महिने. आता रोज डोळे मिटले की मी त्याला डॉक्टरकडे नेते. रोज गाडीत बसवते. आणि रोज पोचायच्या आत जाग येते."

रिया तिच्या शेजारी बसली होती. म्हणाली, "मम्मा, स्टॉप. प्लीज."

ती तुझी तू निस्तर, असं तू म्हणाला होतास. तुला काय माहीत होतं रे, ही गोष्ट कुणाच्या उरावर जाऊन बसणार आहे ते?

मला पळून जाता आलं असतं. म्हणता आलं असतं, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, देवाची मर्जी. पुढारी होऊन यॉर्कशायरला जाता आलं असतं. सलीमसमोर, रियासमोर, माझी अब्रू तशीच राहिली असती.

"त्याचा श्वास लागला नव्हता, वहिनी," मी म्हणालो. "गुडघा माझा गेला होता. दोन्ही बॅगा त्याने घेतल्या. मलाही त्यानेच आणलं. मी दारात खोटं बोललो."

सलीम माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याच्या डोळ्यांदेखत कपडे उतरवलेत. मी कुरमुऱ्यांचंही सांगितलं. एकदा सुरू झालो म्हटल्यावर काय राहिलं होतं?

रियाने विचारलं, "सो डॅड वॉज फाइन? दॅट डे?"

"ठणठणीत होता. तीन तास दोन बॅगा आणि मला घेऊन उतरला, आणि खाली येऊन चहा मागितला."

वहिनी म्हणाली, "म्हणजे मी दोन महिने ज्याला गाडीत बसवतेय, तो आजारीच नव्हता."

"त्या दिवशी तरी नव्हता."

"आणि तुम्ही मिस्सेला आलात. माझ्यासमोर उभे राहिलात. तेव्हाही बोलला नाहीत." ती कधी मोठ्याने बोलत नाही, तुला ठाऊक आहे. तेव्हाही बोलली नाही. "तुम्ही नका येऊ यंदा. सलीमभाई नेतील आम्हांला."

तू मेलास तरी तुझा निकाल कायम राहिला, बघ. खूश हो.

मी उठलो. सलीम उठला नाही. दारापर्यंत पोहोचलो तेव्हा वहिनीने हाक मारली.

"बसा. मला ते पुन्हा सांगा. दगडापासून दारापर्यंत. आणि इनासभाऊ, काहीही वाढवलंत तर मी ऐकणार नाही."

मी बसलो. सांगितलं. किती पाऊस, किती उतार, बॅग कशी अडकवली, कुठल्या खांद्यावर माझा हात होता. ती मध्ये मध्ये विचारत होती. तो घसरला का? एकदा, फाटकाजवळ. थांबला किती वेळा? दोनदा. मग तिने विचारलं, "तीन तास. काय बोलत होता?"

"शिव्या देत होता."

"कुठल्या?"

आता बायकोला नवऱ्याच्या शिव्या कशा सांगायच्या? पण ती वाट बघत होती, आणि रियाही पुढे सरकून बसली होती. म्हणून सांगितल्या. तू म्हणाला होतास, बाप्तिस्म्याला फादरने तुझं डोकं भिजवलं, त्याने जीभ बुडवून ठेवायला हवी होती. म्हणाला होतास, ह्या दोन बॅगा तुझ्यापेक्षा बऱ्या, बोलत नाहीत. म्हणाला होतास, तुझ्या आईला भेटलो की पाया पडेन, तिने तुला नऊ महिने उचललं, मी तासाभरात टेकीला आलोय. फाटकाजवळ घसरलास तेव्हा म्हणालास, मी पडलो तर आधी तुझ्यावर पडेन.

वहिनी हसली. तोंडावर ओढणी घेऊन हसली, आणि हसता हसता तिचे खांदे वेगळ्याच तऱ्हेने हलायला लागले. रियाने तिचा हात धरला आणि मला म्हणाली, "अंकल, अजून सांगा." मराठीत म्हणाली, पास्कल. तुझी पोरगी, जी तुझ्याशी जन्मभर इंग्रजीत बोलली.

मी आठवलं. पुलाजवळ तू सलीमच्या चहाला नावं ठेवलीस, ते सांगितलं. वहिनीसाठी लोकरीची शाल घ्यायची राहिली म्हणालास, तेही सांगितलं. मग मी गप्प झालो.

"पुढे?" वहिनी म्हणाली.

पास्कल, पुढचं मला आठवत नाही. तू तीन तास बोललास. माझा गुडघा ठणकत होता, मी स्वतःच्या जिवाला रडत होतो, दारात कुठली थाप मारावी ते जुळवत होतो. तू काय बोलतोयस तिकडे माझं लक्षच नव्हतं. जेमतेम चाळीस मिनिटांचं आठवतं. बाकीचे दोन तास वीस मिनिटं बनवून सांगणं माझ्या डाव्या हातचा मळ होता. तुझा आवाज मला येतो, तुझ्या शिव्यांची चाल मला येते, त्या दोघींना कळलंही नसतं. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या तोंडाशी एक वाक्य आलंही होतं, अगदी तुझ्यासारखं, तू म्हणाला असतास असं.

"एवढंच आठवतं, वहिनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि चहा ठेवायला उठली. मला थांबा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

ते दोन तास वीस मिनिटं तू घेऊन गेलास. चोर आहेस लेका. मी तुला माफ केलेलं नाही.